निवृत्त साहेबांचे टेंडर कार्यालय: काम चोख, पण खण एकच

बेळगावात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आसपास झेरॉक्स, टायपिंग आणि मुद्रांकाच्या दुकानांच्या जोडीला आता ‘ऑनलाइन टेंडर भरून मिळेल’ अशा पाट्याही दिसतात. त्यांपैकी एका कार्यालयाची सेवा आमच्या घरच्या लहानशा कंत्राटी व्यवसायासाठी आम्ही काही वर्षे घेत आहोत. ते चालवणारे गृहस्थ एका अभियांत्रिकी खात्यातून फर्स्ट डिव्हिजन असिस्टंट या कारकुनी पदावरून, म्हणजे आपल्याकडे सर्रास म्हणतात तसे एफडीए म्हणून, निवृत्त झाले आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षे त्यांनी टेंडरच्याच टेबलावर काढली. ज्या माणसाच्या हातून काल टेंडरे निघत होती त्याच्याच हातून ती आज भरली जातात, ही गोष्ट ग्राहकाला जितकी सोयीची तितकीच ती नियमांच्या दृष्टीने नाजूक आहे. म्हणून या परीक्षणात दर, वेळ आणि वागणूक एवढ्यावर थांबता येणार नाही. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही. साहेबांबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि माझी तक्रार त्यांच्या व्यवस्थेबद्दल आहे.

आधी आमची गरज काय ते सांगते. माझ्या धाकट्या दिरांच्या नावावर सार्वजनिक बांधकाम खात्याचा चौथ्या वर्गाचा कंत्राटदार परवाना आहे. खानापूर तालुक्यात शाळांच्या वर्गखोल्यांची दुरुस्ती, अंगणवाड्यांचे रंगकाम, गटारी, छपरांची गळती काढणे अशी कामे ते घेतात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा कोसळतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला गळतीचे काम मेअखेर संपले नाही तर काय होते हे वेगळे सांगायला नको. दीर साइटवर असतात. हिशेब, जीएसटी आणि टेंडरची कागदपत्रे मी पाहते. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला कन्नड बोलता येते, दुकानाची पाटीही वाचता येते, पण साठ पानांचा टेंडर दस्तऐवज आणि त्यातल्या विशेष अटी नीट कळतील असे नाही. कर्नाटक पब्लिक प्रोक्युरमेंट पोर्टल कन्नड आणि इंग्रजीतून चालते. त्यामुळे मधला माणूस लागतो, आणि तो जाणकार असला तर पैसे वसूल होतात.

जाणकारीच्या बाबतीत या कार्यालयाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. साहेब टेंडर हातात घेतल्यावर प्रथम कामाची रक्कम पाहत नाहीत, पात्रतेच्या अटी पाहतात. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत तांत्रिक लिफाफ्यात एक कागद कमी पडला की आर्थिक लिफाफा उघडलाच जात नाही, आणि मग आपला दर सर्वांत कमी असूनही उपयोग नसतो. आमच्याकडे पूर्वी केलेल्या कामाचा दाखला सहायक अभियंत्याच्या सहीचा होता. टेंडरमध्ये कार्यकारी अभियंत्याची सही मागितली होती. हे त्यांनी एका नजरेत ओळखले आणि मुदत संपायच्या आत नवा दाखला आणायला दिरांना पिटाळले. एकदा उलाढालीच्या दाखल्यावर मागची तारीख टाकण्याची विनंती शेजारच्या खुर्चीवरच्या एका कंत्राटदाराने केली, तेव्हा साहेबांनी त्याची फाइल मिटवून त्याच्या हातात दिली आणि ‘दुसरं दुकान बघा’ एवढेच म्हणाले. लहान टेंडरला 1,500 रुपये आणि दोन लिफाफ्यांच्या टेंडरला 2,500 रुपये हा दरही अवाजवी नाही. अनामत रक्कम ते स्वतःच्या खात्यातून भरत नाहीत, आपल्याकडूनच भरून घेतात, हेही योग्यच आहे.

आता दुसरी बाजू. आम्ही प्रथम गेलो तेव्हा साहेबांना निवृत्त होऊन काही महिनेच झाले होते, आणि मी त्यांना सरळ विचारले होते की, ‘साहेब, खात्यातून बाहेर पडल्यावर लगेच हे काम करायला चालतं का?’ त्यांना राग आला नाही. ‘वैनी, मी गॅझेटेड नव्हतो आणि मी काँट्रॅक्टरही नाही,’ असे ते म्हणाले. उत्तर अचूक होते, आणि त्या अचूकपणातच नियमांची उणीव आहे.

सरकारी नोकरी सोडल्यावर लगेच सरकारची कंत्राटे घेऊ नयेत, यासाठी आपल्याकडे जे बंधन सर्वांत जास्त छापले जाते ते केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदा सूचनेतले. अभियांत्रिकी खात्यात अभियांत्रिकी किंवा प्रशासकीय काम करणाऱ्या राजपत्रित अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर एक वर्ष सरकारच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कंत्राटदार म्हणून काम करू नये, आणि कंत्राटदाराने असा माणूस नोकरीला ठेवल्याचे आढळले तरी कंत्राट रद्द होऊ शकते, असे ते कलम सांगते. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांत ‘अ’ गटातल्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभरात खासगी व्यावसायिक नोकरी धरायची असेल तर परवानगी लागते, आणि त्या ‘व्यावसायिक नोकरी’च्या व्याख्येत सल्लागार म्हणून स्वतंत्र व्यवसाय थाटणेही येते. जागतिक बँकेच्या 2011 च्या सल्लागार निवडीच्या मार्गदर्शिकेत सरकारी सेवकाने राजीनामा दिला असो वा तो निवृत्त झालेला असो, त्याच्याच जुन्या कार्यालयाने त्याला किमान सहा महिने सल्लागार म्हणून घेऊ नये, आणि देशाच्या कायद्यात याहून मोठी मुदत असेल तर ती पाळावी, असे म्हटले आहे. जागतिक बँकेच्या पैशातून चोवीस तास पाण्याची योजना राबवणाऱ्या बेळगावला हा नियम अगदीच परका नाही.

यांतल्या पहिल्या दोन नियमांची नजर वरच्या खुर्चीवर आहे, आणि तिसरा जुन्या कार्यालयानेच सल्लागार म्हणून घेण्यापुरता आहे. प्रत्यक्षात अंदाजपत्रक कोणत्या आठवड्यात मंजूर होणार, टेंडरमधली कोणती अट कुणाला डोळ्यासमोर ठेवून लिहिली जाते, तांत्रिक छाननीत कुठल्या त्रुटीकडे काणाडोळा होतो आणि कुठल्या त्रुटीवर फाइल अडते, हे सगळे टेबलावरच्या एफडीएला कार्यकारी अभियंत्याइतकेच, कधी कधी जास्तच, ठाऊक असते. हल्ली तर पोर्टलवर टेंडर चढवण्याचे काम अनेक कार्यालयांत मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेमार्फत आलेली डेटा एंट्रीची मुले-मुली करतात. ती सरकारी सेवक नसल्यामुळे सेवावर्तणूक नियम त्यांना तसे लागू होत नाहीत, आणि त्यांची नेमणूक संपली की दुसऱ्या दिवशी ती कुठे बसतात हे विचारणारा कोणी नसतो. एका वर्षाचे बंधन राजपत्रित अधिकाऱ्यापुरते ठेवण्याऐवजी टेंडरच्या प्रक्रियेला ज्याचा हात लागला त्या प्रत्येकाला ते लागू करावे, असे माझे मत आहे. पगाराच्या श्रेणीवरून माणसाजवळची माहिती मोजता येत नाही.

साहेबांच्या कार्यालयात ही गोष्ट कागदावरच्या वादापुरती राहिलेली नाही. ती एका खणात पाहायला मिळते. त्यांच्या टेबलाच्या उजव्या बाजूच्या वरच्या खणात स्टीलचा एक ट्रे आहे आणि त्यात ग्राहकांची डिजिटल स्वाक्षरीची टोकने, ज्यांना सगळे डोंगल म्हणतात, ओळीने ठेवलेली असतात. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने नाव लिहिलेले, काहींवर कन्नडमध्ये, काहींवर मराठीत. टोकनचा पासवर्ड त्याच पट्टीच्या मागे लिहिण्याची पद्धत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. कामाला असलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी मला सांगितले, ‘वैनी, डोंगल इथंच ठेवून जावा, रोज कशाला ने-आण करताय?’ सोय खरीच होती. मी टोकन पर्समध्ये घातले ते केवळ सवयीने. कायद्याचा विचार नंतर केला. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 42 प्रमाणे आपल्या स्वाक्षरीच्या गुप्त किल्लीचा ताबा आपल्याकडेच राहील याची वाजवी काळजी घेणे ही स्वाक्षरीधारकाची जबाबदारी आहे. त्या टोकनवरून जे काही पोर्टलवर जाईल ते आपणच सही करून पाठवले असे धरले जाणार, मग बोट कुणाचेही असो.

पुढे एका शाळादुरुस्तीच्या टेंडरचे आर्थिक लिफाफे उघडल्यावर पोर्टलवर तुलनात्मक तक्ता आला, तेव्हा त्यातली दोन नावे मला ओळखीची वाटली. तीच नावे त्या ट्रेमधल्या चिकटपट्ट्यांवर होती. म्हणजे एका टेंडरसाठी एकमेकांविरुद्ध उभे असलेले आम्ही तिघे जण एकाच टेबलावरून, बहुधा एकाच संगणकावरून, आपापले दर पाठवत होतो. दर फुटले असे मी मुळीच म्हणत नाही. तसे मानायला माझ्याजवळ काहीही आधार नाही, आणि साहेबांचा स्वभाव मी वर सांगितलाच आहे. परंतु तिघांचे बंद लिफाफे ज्याच्या डोळ्यांखालून गेले तो माणूस प्रामाणिक आहे या एकाच खात्रीवर आमचा सगळा व्यवहार उभा होता, आणि ही खात्री आमच्यापैकी कुणी पैसे देताना विचारून घेतलेली नव्हती.

यात प्रामाणिक ग्राहकालाही धोका आहे, आणि तो कसा हे पुण्याच्या उदाहरणावरून कळते. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांमध्ये संगनमत झाल्याच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 साली आदेश दिले आणि संबंधित कंपन्यांना दंड केला. वेगवेगळ्या बोलीदारांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, चढवल्या गेल्या होत्या, हा त्या प्रकरणातल्या पुराव्यांपैकी एक होता. तिथे इतरही पुरावे होते आणि केवळ आयपी पत्ता जुळला म्हणून कोणी दोषी ठरत नाही, हे मान्य. पण स्पर्धा कायद्याच्या कलम 3 खाली निविदांमधील संगनमत हा गंभीर प्रकार आहे, कलम 27 प्रमाणे दंड तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि उद्या चौकशी झालीच तर ‘आम्ही एकाच दुकानात टेंडर भरतो’ हे स्पष्टीकरण देण्याची पाळी आपल्यावर येईल. आपण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला कधी बोललोही नाही, हे सिद्ध करणे सोपे नसते.

आता प्रतिज्ञापत्रांविषयी. या बाबतीत मात्र कार्यालयाला मी स्पष्टपणे नापास करते. हितसंबंधांच्या संघर्षाचा नियम सामान्य कंत्राटदाराला भेटतो तो बहुतेक वेळा ‘जवळचा नातेवाईक नसल्याचे प्रमाणपत्र’ या कागदाच्या रूपात. केंद्रीय खात्याच्या एका दुरुस्तीच्या टेंडरसाठी हा कागद लागणार होता. कामाच्या मुलाने संगणकातला तयार मसुदा काढला, दिरांचे नाव घातले आणि सहीसाठी पुढे केला. घरात कोण कुठे नोकरीला आहे याची चौकशीही केली नाही. योगायोग असा की दिरांचा एक मावसभाऊ त्याच केंद्रीय खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. त्याची नेमणूक खात्याच्या दुसऱ्या मंडळात, म्हणजे सर्कलमध्ये, असल्यामुळे आम्हाला अडचण आली नाही. तो बेळगावकडच्या मंडळात असता तर त्या सहीने आम्ही खोटे प्रमाणपत्र दिले असते, आणि पोर्टलवर ते कायमचे राहिले असते.

हा नियम नीट वाचला तर फार उद्बोधक आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची ‘जवळच्या नातेवाइकां’ची व्याख्या विस्तृत आहे: पती, पत्नी, आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे, भाऊबहीण, काका-मामा, आत्या-मावश्या, चुलत-मामे-आते-मावस भावंडे आणि या सर्वांच्या बाजूची सासरची नाती. आपल्याकडच्या लग्नाच्या याद्या पाहिल्या तर एवढ्यात अर्धा तालुका येतो. पण या नात्यांमुळे टेंडर भरायला मनाई होते ती केवळ नातेवाईक त्याच मंडळात कनिष्ठ अभियंता ते अधीक्षक अभियंता यांच्या दरम्यानच्या पदावर किंवा विभागीय लेखापाल असेल तरच. बीएसएनएलच्या टेंडरमध्ये नेमके उलटे आहे. तिथे कोणत्याही पदावरचा कर्मचारी धरला जातो, पण नातेवाईक म्हणजे अविभक्त हिंदू कुटुंबातील सदस्य, पती-पत्नी, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-भावजय आणि बहीण व तिचा नवरा एवढेच. मामा, भाचा, साडू, व्याही यांतला कोणीही त्या यादीत नाही. एका खात्याने नाती सगळी घेतली आणि पदे मोजकी ठेवली, दुसऱ्याने पदे सगळी घेतली आणि नाती मोजकी ठेवली. सीमाभागात कामे कुणाच्या नावावर घेतली जातात हे ज्याने पाहिले आहे त्याला भाचा आणि साडू या दोन नात्यांचे महत्त्व सांगावे लागत नाही. बहिणीच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या प्रदेशात अजून आहे तिथे तर एकच माणूस बहिणीचा नवरा म्हणून बीएसएनएलच्या यादीत बसतो आणि मामा म्हणून तिच्यातून सुटतो.

सेवेत असलेल्यांसाठी नियम यापेक्षा सरळ आहेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 च्या नियम 4 प्रमाणे आपल्या कुटुंबातील कोणी ज्या कंपनीत किंवा पेढीत नोकरीला आहे किंवा ज्या प्रकरणात आपला वा आपल्या कुटुंबीयाचा हितसंबंध आहे, अशा पेढीचे कंत्राट कर्मचाऱ्याने स्वतः हाताळू नये, ते वरिष्ठाकडे पाठवावे. कायद्याने व्यापार करण्यास मनाई असलेल्या लोकसेवकाने व्यापार केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 202 प्रमाणे एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 मधील नियम 175 तर बोलीदार आणि खरेदी करणारे कार्यालय या दोघांनाही सचोटीची संहिता घालून देतो आणि हितसंबंधांचा संघर्ष उघड करायला सांगतो. यांतले वर्तणूक आणि वित्तीय नियम केंद्राच्या कार्यालयांवर बंधनकारक आहेत. बेळगावात छावणी आणि रेल्वे यांच्यामुळे अशी टेंडरेही बरीच निघतात. साहेबांना हे सगळे तोंडपाठ आहे. त्यांनी ते ग्राहकाला समजावून सांगावे, एवढीच अपेक्षा आहे.

निवडून आलेल्यांच्या बाबतीत बेळगावकरांना हा विषय नवा नाही. कर्नाटक महानगरपालिका कायदा, 1976 च्या कलम 26 खाली महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला नगरसेवक अपात्र ठरतो, आणि त्याच कलमाखाली फेब्रुवारी 2025 मध्ये प्रादेशिक आयुक्तांनी ‘खाऊ कट्ट्या’तील गाळे पत्नींच्या नावावर असल्यावरून दोन नगरसेवकांचे सदस्यत्व रद्द करण्याचा आदेश दिला होता. प्रकरण पुढे अपिलात आणि उच्च न्यायालयात गेले. त्याच्या गुणदोषात मी शिरत नाही. ग्रामपंचायत सदस्यांसाठी इथे 1993 च्या पंचायत राज कायद्याचे कलम 12 आहे आणि पलीकडे चंदगड तालुक्यात महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याचे कलम 14 आहे. दोन्हींचा आशय जवळजवळ सारखा. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की सदस्याच्या पत्नीच्या नावावरचा गाळा सगळ्या शहराला दिसतो, त्यावर बातम्या होतात आणि आदेश निघतात. कालपर्यंत टेंडर छापणारा माणूस आज कुणाकुणाची टेंडरे भरतो, हे कुठल्याही नोंदीत दिसत नाही.

पोर्टलने यात काय करावे हेही लिहिते, कारण या सेवेचा अर्धा भाग शेवटी पोर्टलचाच आहे. टेंडर ज्याने भरून दिले त्या मधल्या माणसाची नोंद पोर्टलवर मागितली जावी, आणि ‘मी किंवा माझ्यासाठी हे टेंडर तयार करणारी व्यक्ती गेल्या दोन वर्षांत या कार्यालयात नोकरीला होती काय’ असा एक साधा प्रश्न होय-नाही या स्वरूपात विचारला जावा. ‘होय’ म्हटल्याने कोणी बाद होऊ नये. छाननी करणाऱ्याला ते दिसावे, एवढेच पुरेसे आहे. अमेरिकेच्या केंद्रीय खरेदी नियमावलीत सेवेतल्या कर्मचाऱ्याला किंवा त्याच्या मालकीच्या पेढीला जाणूनबुजून कंत्राट देण्यास मनाई आहे, आणि अपवाद करायचाच असेल तर खात्याच्या प्रमुख पातळीवरून सबळ कारण लागते. अपवादावर कुणाचे तरी नाव लागते, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट आहे.

अर्थात पोर्टलवर जे येतच नाही त्याला हे उपाय लागू पडत नाहीत. सरकारी खरेदीसाठी असलेल्या कर्नाटकाच्या 1999 च्या पारदर्शकता कायद्याच्या कलम 4 मध्ये सूट देण्याची तरतूद आहे, आणि तिच्या आधारे सरकारी संस्थांना टेंडरशिवाय कामे सोपवली जातात. 2022 च्या एप्रिलमध्ये बेळगावजवळच्या हिंडलग्यातल्या रस्त्यांच्या कामांवरून जो वाद राज्यभर गाजला, त्याच्या मुळाशी कार्यादेशाविना झालेल्या कामांचा प्रश्न होता. अशा कामांत हितसंबंध तपासायला कागदच नसतो. तो स्वतंत्र विषय आहे.

टेंडर गमावलेल्या माणसाच्या हातात काय उरते, याबद्दल साहेबांचा सल्ला मात्र उत्तम असतो आणि तो ते फुकट देतात. टेंडर स्वीकारण्याच्या आदेशाविरुद्ध पारदर्शकता कायद्याच्या कलम 16 खाली तीस दिवसांत अपील करता येते, पण ते टेंडर भरणाऱ्यालाच करता येते. बाहेरच्या नागरिकाला माहिती अधिकाराचा अर्ज हाच मार्ग. तांत्रिक छाननीचा अहवाल मागवा, तुलनात्मक तक्त्याची छाननी झालेली प्रत मागवा, मग बोला, असे ते सांगतात. आमच्या एका नाकारलेल्या टेंडरच्या वेळी त्यांनी स्वतः अर्जाचा मसुदा करून दिला आणि तोही त्यांच्याच जुन्या खात्याविरुद्ध. हे मी विसरलेले नाही.

तेव्हा या कार्यालयाची सेवा घ्यावी का? परवान्याचे नूतनीकरण, पोर्टलवरची नोंदणी, दाखल्यांची तपासणी आणि टेंडरच्या अटी समजून घेणे यासाठी निःशंकपणे जावे. बेळगावात याहून जाणकार माणूस मला तरी माहीत नाही. आर्थिक लिफाफा मात्र आम्ही आता घरीच भरतो. तांत्रिक लिफाफा त्यांच्याकडे तपासून घ्यायचा, टोकन परत आणायचे आणि दर घरच्या संगणकावरून चढवायचा, ही व्यवस्था मी साहेबांना सांगितली तेव्हा त्यांनी शुल्कातून 500 रुपये कमी केले आणि ‘हेच बरं’ म्हणाले. ट्रे मात्र अजून तिथेच आहे. आपले टोकन त्यात असेल तर ते घेऊन या, पासवर्ड बदला, आणि नातेवाइकांच्या प्रमाणपत्रावर सही करण्याआधी टेंडरमधली व्याख्या त्यांच्याकडून वाचून घ्या. विचारले तर ते नीट सांगतात, आपणहून सांगत नाहीत. पावती मागावी लागते, आणि ती ‘टायपिंग शुल्क’ या नावाने मिळते. तिच्यावर टेंडरचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी, कारण कुणी काय चढवले असा प्रश्न पुढे आलाच तर तेवढाच एक कागद आपल्याकडे असतो. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात खात्यांची घाई असते आणि तिथे उभे राहायलाही जागा नसते, म्हणून काम फेब्रुवारीतच उरकावे. दुपारी दोन ते चार कार्यालय बंद असते.